परदेशी नर्स, अमेरिकन हॉस्पिटलं आणि तुटवड्याचा वाद

अमेरिकेच्या आरोग्य खात्यात हर्सा नावाची एक एजन्सी आहे, पुढे डॉक्टर किती लागतील, नर्स किती लागतील याचे अंदाज ती काढते. २०१४ मध्ये तिने सांगितलं की २०२५ साली देशात गरजेपेक्षा साधारण ३ लाख ४० हजार नर्स जास्त असतील. नंतर २०२२ मध्ये त्याच एजन्सीचा नवा रिपोर्ट आला, आणि त्यात त्याच २०२५ सालासाठी जवळजवळ ७८ हजार नर्स कमी पडणार असं होतं. मध्ये कोविड येऊन गेला हे खरं, हिशोबाची पद्धतही बदलली, पण मुळात मुद्दा असा आहे की नर्सची "गरज" कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाहीये. बहुतेक अंदाज आज जेवढी स्टाफिंग आहे तेवढी पुरेशी आहे असं धरून पुढचं गणित मांडतात. एका नर्सकडे सात पेशंट चालतील असं धरलं तर नर्स पुरतात, आणि चारच असावेत असं धरलं तर त्याच देशात त्याच दिवशी मोठा तुटवडा दिसतो.

परदेशातून नर्स आणायच्या की नाही हा अख्खा वाद या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून आधी तीच नीट बघू, व्हिसाकडे नंतर येऊ.

अमेरिकेत आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्सची लायसन्स असलेले लोक ५० लाखांच्या आसपास आहेत आणि आरएनच्या नोकऱ्या साधारण ३३ लाख. आता हा सगळा फरक म्हणजे घरी बसलेल्या नर्स असं अजिबात नाही, त्यात रिटायर झालेल्या आहेत, पुढे शिकून नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषध लिहून देऊ शकणारी नर्स) झालेल्या आहेत, शिकवणाऱ्या आहेत, इन्शुरन्स कंपन्यांत गेलेल्या आहेत. पण लायसन्स आहे, अनुभव आहे, वय आहे आणि तरी हॉस्पिटलच्या वॉर्डात परत जायची तयारी नाही अशाही बऱ्याच आहेत. नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये एक मोठा सर्व्हे प्रसिद्ध केला, त्यानुसार कोविडच्या काळात साधारण १ लाख नर्सनी काम सोडलं आणि २०२७ पर्यंत अजून जवळजवळ ९ लाख, म्हणजे दर पाच नर्सपैकी एक, सोडायच्या विचारात होत्या. त्यात वयामुळे रिटायर होणाऱ्या होत्याच, पण ताण आणि थकवा ही कारणं सांगणाऱ्या तरुण नर्सपण खूप होत्या. मला या सगळ्यात जास्त काळजी या तरुण मुलींची वाटते, कारण चार वर्षं शिकून, परीक्षा पास होऊन जी मुलगी दोन-तीन वर्षांत वॉर्ड सोडते ती सहसा परत येत नाही.

ती का सोडते हे कळायला एक नाइट शिफ्ट डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी सातला हँडओव्हर घेतला, सहा पेशंट मिळाले. एकाचं ऑपरेशन आजच झालंय, त्याचं बीपी दर तासाला बघायचं. दुसऱ्याला इन्सुलिन द्यायचं, त्याआधी शुगर चेक करायची. तिसरे आजोबा गोंधळलेत, सारखे उठायला बघतात, त्यांच्या बेडचा अलार्म वाजला की हातातलं टाकून पळायचं कारण पडले तर खुब्याचं हाड गेलंच. चौथ्याला रक्त चढवायचंय, त्यात पहिली १५ मिनिटं जवळ थांबावं लागतं, रिॲक्शन येते का बघायला. आणि नेमकं तेव्हाच इमर्जन्सीतून फोन येतो की अजून एक पेशंट वर पाठवतोय, रिपोर्ट घ्या. यातली प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरवर वेळेसकट लिहायची असते, ते लिखाण शिफ्ट संपल्यावर होतं, जेवण बहुतेक वेळा राहून जातं. चार पेशंट असतील तर हेच काम नीट होतं. सात झाले की काहीतरी सुटतं, आणि काय सुटलं ते ती नर्स घरी जाताना गाडीत आठवत बसते.

हे फक्त नर्सच्या त्रासापुरतं नाहीये. लिंडा एकन या संशोधक बाईंच्या टीमने २००२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की सर्जरीच्या पेशंटमध्ये एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा केला, तो २००४ पासून लागू झाला, आयसीयूत एका नर्सकडे दोनच पेशंट, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आता पाच. हॉस्पिटलं तेव्हा म्हणत होती की एवढ्या नर्स आणायच्या कुठून, आणि तरीही हे राज्य गेली २० वर्षं तो नियम चालवतंय. इतर बहुतेक राज्यांनी असा सगळ्या वॉर्डांसाठीचा आकडा कायद्यात घातलेला नाही.

मग हॉस्पिटलं नर्स वाढवत का नाहीत? इथे पैशाचा एक भाग आहे जो फारसा बोलला जात नाही. अमेरिकन हॉस्पिटलच्या बिलात डॉक्टरचे पैसे वेगळे दिसतात, तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी, पण नर्सिंगचं वेगळं बिल नसतं, ते खोलीच्या भाड्यातच धरलेलं असतं. म्हणजे सर्जन वाढवला तर हिशोबात कमाई वाढते आणि नर्स वाढवली तर फक्त खर्च वाढतो. पेशंट मात्र हॉस्पिटलात राहतो तोच मुळी नर्सिंगसाठी, नाहीतर त्याला घरी पाठवला असता! जोपर्यंत हिशोबाची वही अशी आहे तोपर्यंत पैसे वाचवायची वेळ आली की पहिली नजर नर्सच्या संख्येवरच जाणार.

दुसरं कारण कॉलेजांचं. अमेरिकेत नर्स व्हायला मुलं-मुली तयार नाहीत असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये पात्र असलेले ६५ हजारांहून जास्त अर्ज परत पाठवले गेले (अर्ज म्हणतोय, माणसं नाही, एक मुलगी तीन कॉलेजांत अर्ज करते, त्यामुळे माणसं कमी असणार). कारण शिकवायला फॅकल्टी नाही आणि प्रॅक्टिकलसाठी हॉस्पिटलांत जागा नाहीत. फॅकल्टी का नाही, तर मास्टर्स, डॉक्टरेट करून शिकवायला गेलं की वॉर्डातल्या नर्सपेक्षा पगार कमी मिळतो, मग कोण जाईल.

आता व्हिसा. आपल्याकडे अमेरिका म्हटलं की आयटीवाल्यांचा एच-१बी डोक्यात येतो, पण साध्या आरएनच्या नोकरीला तो सहसा मिळत नाही, कारण त्यासाठी नोकरीला बॅचलर डिग्री लागतेच असं दाखवावं लागतं आणि अमेरिकेत दोन वर्षांच्या कोर्सवरही आरएन होता येतं. पूर्वी नर्ससाठी खास तात्पुरते व्हिसा होते, १९८९ च्या कायद्याने एच-१ए आला तो १९९५ ला संपला, १९९९ च्या कायद्याने एच-१सी आला, वर्षाला फक्त ५०० आणि तेही काही ठराविक गरजू भागांतल्या हॉस्पिटलांसाठी, तोही २००९ ला बंद झाला. कॅनडा आणि मेक्सिकोच्या नर्सना टीएन नावाच्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाची सोय आहे. बाकी जगातल्या नर्सला मुख्य रस्ता एकच उरतो, सरळ ग्रीन कार्ड, ईबी-३ या कॅटेगरीतून.

ईबी-३ मध्ये इतर लोकांसाठी मालकाला आधी जाहिरात देऊन सिद्ध करावं लागतं की या कामाला अमेरिकन माणूस मिळत नाहीये. नर्ससाठी ही पायरीच नाही. लेबर खात्याची शेड्यूल ए नावाची एक यादी आहे, त्यात नर्स आणि फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि या यादीचा अर्थच असा की सरकारने आधीच धरून चाललंय की या कामाला अमेरिकन लोक पुरेसे नाहीत. हॉस्पिटलला फक्त त्या भागातला चालू पगार द्यायचा आणि आपल्या स्टाफला दिसेल अशी नोटीस लावायची. म्हणजे तुटवडा आहे हे दरवेळी सिद्ध करायचं नसतं, ते नियमातच लिहून ठेवलंय. तिथल्या नर्सच्या युनियनचा राग इथून सुरू होतो आणि मला तो समजतो.

नर्सच्या बाजूने मात्र हा रस्ता सोपा वाटत असला तरी फार लांबचा आहे. कागदपत्रांची तपासणी, एखाद्या राज्याच्या बोर्डाकडे अर्ज, मग एनक्लेक्स म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, मग इंग्रजीची परीक्षा, मग व्हिसास्क्रीन सर्टिफिकेट (शिक्षण, लायसन्स आणि इंग्रजी तपासल्याचा दाखला) जे १९९६ च्या कायद्याने सक्तीचं झालं, मग मालक शोधायचा, त्याने अर्ज भरायचा, आणि हे सगळं झालं की रांगेत उभं राहायचं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातली ईबी-३ ला ४० हजारांच्या आसपास, त्यात नवरा-मुलंसुद्धा मोजली जातात, आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणजे भारताच्या वाट्याला मूळ हिशोबाने ईबी-३ मध्ये वर्षाला २,८०० च्या आसपास, आणि त्याच रांगेत भारतातले सगळे आयटीवालेही उभे आहेत. २०२५ च्या शेवटी ईबी-३ मध्ये भारतासाठी २०१३ च्या तारखा चालू होत्या, म्हणजे २०१३ मध्ये रांगेत लागलेल्यांचा नंबर तेव्हा येत होता, आणि फिलिपिन्ससाठी २०२३ च्या. हॉस्पिटलला नर्स आज हवी असते, दहा-बारा वर्षांनी नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्या नर्सला हल्ली एजन्सीवाले फारसं विचारतच नाहीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या कारण यात बऱ्याच जणी फसतात. देश मोजतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. भारतात जन्मलेली नर्स दहा वर्षं लंडनला काम करून ब्रिटिश नागरिक झाली तरी ती भारताच्याच रांगेत. फक्त नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत जाता येतं. "युकेमार्गे अमेरिका लवकर होते" असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर हा नियम त्याच्यासमोर ठेवा.

हॉस्पिटलांच्या संघटनेचं म्हणणं असं की बेड रिकामे ठेवावे लागतात, छोट्या गावांत प्रसूती विभाग बंद पडतात, कॉलेजं सुधारायला वर्षं लागतील, तोपर्यंत पेशंटने काय करायचं? हे म्हणणं खोटं नाहीये, नर्सिंग होम (तिकडे म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांना कायम ठेवून सांभाळणारी जागा) आणि ग्रामीण हॉस्पिटलांत खरंच माणूस मिळत नाही. त्यामुळे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, २०२० पासून एक बिल परत परत येतंय, पूर्वी न वापरलेली ४० हजार ग्रीन कार्डं काढून २५ हजार नर्सना आणि १५ हजार डॉक्टरांना द्यायची, देशाचा कोटा न लावता. ते पास झालेलं नाही. २००५ मध्ये मात्र असंच ५० हजार व्हिसांचं बिल पास झालं होतं आणि ते व्हिसा थोड्याच काळात संपले.

दुसऱ्या बाजूला नॅशनल नर्सेस युनायटेड ही युनियन म्हणते की नर्स आहेत, पण अशा परिस्थितीत काम करायला तयार असलेल्या नर्स नाहीत. पगाराबद्दल सांगायचं तर २०२४ मध्ये आरएनचा मधला पगार वर्षाला ९३,६०० डॉलर होता, तो कमी नाही, पण एखाद्या शहरात दोन-तीनच मोठ्या हॉस्पिटल कंपन्या असल्या की नर्सला घासाघीस करायला जागा राहत नाही. २००६ मध्ये शिकागो, मेम्फिस, सॅन अँटोनियो, ऑल्बनी आणि डेट्रॉइटच्या नर्सनी हॉस्पिटलांवर केसेस टाकल्या होत्या की तुम्ही एकमेकांना पगार सांगून तो दाबून ठेवता, त्यातल्या डेट्रॉइटच्या केसमध्ये हॉस्पिटलांनी कोट्यवधी डॉलर देऊन तडजोड केली.

परदेशी नर्समुळे स्थानिक नर्स खरंच कमी होतात का? पॅट्रिशिया कोर्टेस आणि जेसिका पॅन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये याचा अभ्यास छापला, त्यांना दिसलं की एखाद्या शहरात एक परदेशी नर्स आली की पुढच्या काळात तिथे एक ते दोन स्थानिक नर्स कमी होतात. लगेच कुणाला काढून टाकतात असं नाही, कामाची परिस्थिती सुधारायची गरज हॉस्पिटलला वाटत नाही आणि नवीन मुली त्या शहरात या पेशाकडे कमी येतात, असं काहीतरी हळूहळू होतं. हा एक अभ्यास आहे, देवाचा शब्द नाही, पण "आणा जितक्या आणता येतील तितक्या, कुणाचं काही बिघडत नाही" असं म्हणणाऱ्यांनी तो वाचला पाहिजे.

पण याचा दोष त्या परदेशी नर्सवर टाकणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. अमेरिकेत आज साधारण दर सहा आरएनमागे एक बाहेर जन्मलेली आहे, आणि फिलिपिन्सच्या नर्स तर १९४८ च्या एक्स्चेंज प्रोग्रॅमपासून येतायत. कोविडमध्ये काय झालं ते बघा, युनियनच्या सप्टेंबर २०२० च्या रिपोर्टप्रमाणे अमेरिकेतल्या नर्समध्ये फिलिपिनो साधारण ४ टक्के, आणि कोविडने गेलेल्या नर्समध्ये जवळजवळ ३१ टक्के. कारण आयसीयू, मेडिकल वॉर्ड, नर्सिंग होम, रात्रपाळी, सगळ्यात धोक्याच्या जागी त्याच उभ्या होत्या.

माझं मत विचाराल तर किती नर्स येतात यापेक्षा आलेल्या नर्सला नोकरी सोडता येते का, हा प्रश्न मोठा आहे. जी सोडून जाऊ शकते तिला हॉस्पिटलला नीट वागवावंच लागतं, मग ती कुठेही जन्मलेली असो, आणि मग तिच्यामुळे शेजारच्या स्थानिक नर्सचंही काही बिघडत नाही. जिला सोडता येत नाही तिला सात पेशंट दिले काय आणि नऊ दिले काय, ती काय करणार. वॉर्डाचा दर्जा खाली जातो तो इथून. आता कुणी म्हणेल नर्स तर ग्रीन कार्ड घेऊनच येते, मग अडकेल कशी? तर ती कॉन्ट्रॅक्टने अडकते.

बऱ्याच नर्स थेट हॉस्पिटलकडून नाही, स्टाफिंग एजन्सीकडून येतात. एजन्सी फी भरते, वकील देते, तिकीट काढते, आणि बदल्यात दोन-तीन वर्षांचा करार. काही करारांत वर्षं नसतात, तास असतात, म्हणजे उदाहरणार्थ तीन वर्षांचे ६,२४० तास, आणि बारीक अक्षरात असतं की ओव्हरटाइम धरणार नाही, ओरिएंटेशन धरणार नाही. मग तीन वर्षांचे साडेतीन होतात. मध्येच सोडलं तर हजारो डॉलर भरा, नाहीतर कोर्टात खेचू. नवीन देश, डोक्यावर घरचं कर्ज, पाठवायचे पैसे, अशा वेळी ती धमकी पुरते.

२००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर फिलिपिन्सच्या नर्सनी कबूल केलेल्या अटी पाळल्या नाहीत म्हणून नर्सिंग होमच्या नोकऱ्या सोडल्या. शिफ्ट पूर्ण करून मग राजीनामे दिले, पेशंटला वाऱ्यावर टाकून गेल्या नाहीत. तरी त्यातल्या दहा जणांवर आणि त्यांच्या वकिलावर पेशंटचा जीव धोक्यात घातल्याचा फौजदारी खटला भरला गेला! २००९ मध्ये अपील कोर्टाने तो थांबवला आणि गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा आधार दिला, म्हणजे नोकरी सोडली म्हणून कुणाला गुन्हेगार करता येत नाही. पुढे २०१९ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये २५ हजार डॉलर दंडाचं कलम माणसांच्या तस्करीविरुद्धच्या कायद्याखाली बेकायदा ठरवलं. आणि कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२६ पासूनच्या नवीन करारांत "थांब नाहीतर पैसे भर" अशा कलमांवर बरीचशी बंदी आणली, काही अपवाद आहेत.

ज्या देशांतून नर्स जातात त्यांचं काय, हाही भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे जगात साधारण २ कोटी ९८ लाख नर्स आहेत, ५८ लाखांची कमतरता आहे, आणि श्रीमंत देशांतल्या २३ टक्के नर्स बाहेर जन्मलेल्या आहेत. संघटनेने २०१० मध्ये भरतीसाठी आचारसंहिता केली आणि २०२३ च्या यादीत ५५ देशांची नावं आहेत, जिथून मुद्दाम जाऊन नर्स उचलू नयेत असं सांगितलंय. भारत आणि फिलिपिन्स त्या यादीत नाहीत. फिलिपिन्सबद्दल एक अनपेक्षित गोष्ट दिसली, पाओलो अबारकार आणि कॅरोलाइन थिओहराइड्स यांच्या अभ्यासात, की २००० नंतर अमेरिकेचे व्हिसा वाढले तेव्हा तिथे नर्सिंगला एवढ्या मुली गेल्या की बाहेर गेलेल्या एका नर्समागे नऊ नवीन तयार झाल्या. म्हणजे देश रिकामा होतो असं दरवेळी नसतं. पण २००७ च्या आसपास अमेरिकेची रांग अडकली आणि शिकलेल्या हजारो नर्स तिथेच राहिल्या, त्यातल्या काही जणी अनुभवाचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून हॉस्पिटलला स्वतः पैसे देऊन "व्हॉलंटियर" म्हणून काम करत होत्या, शेवटी सरकारला ते बंद करायला सांगावं लागलं. व्हिसाचा नळ वॉशिंग्टनमध्ये चालू-बंद होतो आणि आयुष्याची चार वर्षं मनिलातल्या मुलीची जातात.

तुमच्या ओळखीत कुणी अशा ऑफरचा विचार करत असेल तर सही करायच्या आधी चार गोष्टी लेखी मागून घ्यायला सांगा. कामाची मुदत वर्षांत आहे की तासांत, आणि तासांत असेल तर कुठले तास धरणार. सोडल्यास किती पैसे, आणि ते काळानुसार कमी होत जातात का. कुठल्या वॉर्डात काम आणि एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट. आणि वाद झाला तर कोर्टात जाता येईल की एजन्सीने ठरवलेल्या लवादाकडेच जावं लागेल, त्याचा खर्च कुणी करायचा. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर टाळलं तर ती जागा रिकामी का आहे ते समजून घ्या, आणि चौथ्यावर टाळलं तर सही करू नका.